पुढं बांधलेलं पोर

एलुबेच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मका कमरेला लागला होता आणि घरातली कणगी झाडून खाल्लेली होती. आमच्याकडे जानेवारी म्हणजे हिरव्यागार उपासाचे दिवस. जिकडं बघावं तिकडं पीक, आणि चुलीवर नुसता भोपळ्याचा पाला. ज्यांच्या कणगीच्या तळाला अजून काही उरलंय त्यांच्या रानात भांगलायला जायचं, संध्याकाळी टोपलीतून मका आणायचा, कांडायचा आणि त्याच्या पिठाची घट्ट न्सिमा घोटायची. नाफिरी म्हातारी, तिच्या दोन लेकी आणि धाकटीचा नवरा साइझी असं सगळं घर त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात वाकलेलं होतं.

एलुबे ओळीच्या मधेच कुदळीच्या दांड्यावर रेलून उभी राहिली. थोरली बहीण लोफिना शेजारच्या ओळीत होती.

"काय गं?"

"काय न्हाई. पानी गेलं वाटतं."

"कसलं पानी?"

एलुबेनं खाली बघितलं. पायाखालची माती भिजली होती, पण पावसानं सगळं रानच भिजलेलं, त्यामुळे तिला स्वतःलाही नीट सांगता येईना.

"अजून दिस भरलं न्हाईत," ती म्हणाली.

"त्याला कुठं ठावं हाय," म्हातारी मागून म्हणाली आणि खोकत खोकत बांधाकडे निघाली. साइझीनं सायकल आणली. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर मिशनचं हॉस्पिटल आहे, तिथवर तो बायकोला कॅरियरवर बसवून चिखलातून ढकलत घेऊन गेला. लोफिना मागून कपड्यांचं गाठोडं, प्लॅस्टिकचा कागद आणि बादली घेऊन चालली. राहिलेल्या ओळी म्हातारीनं एकटीनं संपवल्या, कारण ओळ अर्धी सोडली की मका मिळत नाही.

पोट फाडून पोर काढावं लागलं. मुलगा झाला. लोफिनाला नर्सनं तो दाखवला तेव्हा तिला आधी वाटलं की फडक्यात काही नाहीच. मग फडक्याच्या टोकाला एक तोंड दिसलं, म्हाताऱ्या माणसासारखं सुरकुतलेलं. रडायचं सोडून ते नुसतं उघडमीट करत होतं.

"जिवंत हाय?"

"आहे," नर्स म्हणाली. "राहायला मात्र मदत लागेल."

ही सिस्टर काम्वेंडो. अंगानं रुंद, बोलायला फटकळ, आणि पायात कायम पुरुषी बूट. छोट्या पोरांची खोली तिच्याकडे होती. त्या खोलीत भिंतीला टेकून बायका ओळीनं बसलेल्या असत आणि प्रत्येकीच्या झग्यातून छातीशी एक टोपी डोकावत असे. पोराला उघडं करायचं, आपण उघडं व्हायचं, त्याला बेडकासारखं छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून चिटेंजे गच्च गुंडाळायचं. कमरेला नेसतो तेच कापड. आमच्या बायका जन्मात पोर पाठीवर बांधत आल्या, पुढं बांधायचं म्हणजे त्यांना कपडे उलटे घातल्यासारखं वाटायचं.

एलुबेला ते जमेना. तिच्या अंगात ताप भरला, आणि पोटाला कापड लागलं तरी ती ओरडायची. दूध तेवढं पिळून वाटीत काढून द्यायची. दुसऱ्या दिवशी म्हातारी चालत आली, तेव्हा सिस्टरनं सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं.

"आईला ताप आहे. ती बरी होईपर्यंत हे पोर दुसऱ्या कुणीतरी अंगावर बांधायला पाहिजे. दिवसा पण आणि रात्री पण. खाली ठेवलं की गार पडतं, आणि गार पडलं की जातं. बाप कुठाय?"

साइझी खांबाआड उभा होता. आमच्यात जावई सासूसमोर तोंड वर करून बोलत नाही, सासू दिसली की वाट सोडून गवतात उतरतो. म्हणून तो खांबालाच म्हणाला, "मी बांधतो की. मला काय."

"लोफिना, सांग त्याला," म्हातारी आभाळाकडे बघत म्हणाली, "त्याचं अंग गरम हाय. गरम अंगाचा मानूस एवढ्याशा पोराला लागला तर काप बसतो. पोर खोकून खोकून जाईल."

"बायको सात महिन्यांची पोटुशी," साइझी खांबाला म्हणाला, "माझं अंग कुठनं गरम ऱ्हायलंय?"

आत ओळीनं बसलेल्या बायका फसकन हसल्या. एकजण म्हणाली, "घरात चूल इझली म्हनून काय झालं, शेजारी इस्तव मिळतोच की." साइझी लाजला, का रागावला, कोण जाणे. तो सायकलकडे निघून गेला.

"आजी," सिस्टर म्हणाली, "मला अंग गरमच पाहिजे. पोराला ऊब पाहिजे."

"सिस्टर, तू शिकल्याली. पर तू कुनाची लेक हाईस? तुझ्या आईनं तुला गरम मानसाच्या हातात दिलं हुतं का?"

सिस्टरनं दुसरीकडून सुरुवात केली. "मग तुम्ही बांधता?"

"बांधते," म्हातारी म्हणाली आणि पाठोपाठ तिला खोकल्याची उबळ आली. ती खाली बसून खोकत राहिली. सिस्टरनं मान हलवली. असला खोकला घेऊन पोराजवळ जायचं नाही, पोराची छाती कागदासारखी आहे, असं तिनं सांगितलं.

मग सगळ्यांनी एकदम लोफिनाकडे बघितलं.

"ही हाय की," म्हातारी तोंड पुसत म्हणाली. "रांडाव बाई. नवरा जाऊन दोन पावसाळं झालं. रांजनातल्या पान्यासारखं थंड अंग हाय हिचं. पोरासाठी हिच्यापरास बरी कोन मिळनार?"

लोफिनानं मान खाली घातली. तिच्या पायाच्या नखांत कालच्या रानातली माती अजून तशीच होती. ती त्या मातीकडे बघत राहिली.

तिची पाळी दोनदा चुकली होती. गिरणी चालवायला दुसऱ्या गावचा मिसोया नावाचा माणूस आला होता. गप्पिष्ट, आणि अंगाला कायम पिठाचा वास. पाऊस लागायच्या आधी, लोकांकडे दळायला मका होता तेव्हाची गोष्ट. मग मका संपला, गिरणी थांबली, आणि मिसोया एका ट्रकमधून जोहान्सबर्गला निघून गेला. जाताना सांगितलंही नाही. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण तोही धड येत नव्हता. सकाळी ओकारी यायची, ती रानात जाऊन ओकायची आणि वर माती ओढायची. एवढंच.

पोटुशी बाईचं अंग सगळ्यांत गरम, आणि त्यानं काप बसतो, यावर लोफिनाचा विश्वास होता. ऐकीव नव्हे, तिच्या घरात घडलेलं होतं. तिचं स्वतःचं पहिलं पोर नाळ गळायच्या आधीच गेलं. नवऱ्यानं बाळंतिणीपासून लांब राहायची मुदत पाळली नव्हती, तिनंही त्याला अडवलं नव्हतं. म्हातारीनं तिला बायकांसमोर उभं करून विचारलं, आणि तिनं हो म्हटलं. "मग तुमीच खाल्लं त्याला," म्हातारी म्हणाली होती. असल्या पोराला पुरुष पुरत नाहीत. बायकाच फडक्यात गुंडाळून ओढ्याकाठच्या ओल्या जागेत ठेवून येतात, आणि त्याच्यासाठी रडायचं नसतं. लोफिना रडली नाही. नंतर नवरा गेला तेव्हाही तिला नीट रडता आलं नाही, आणि लोक म्हणाले, बाई भारी घट्ट आहे.

आता नाही म्हणावं, तर का म्हणून विचारतील. हो म्हणावं, तर हे पोरही तिच्या अंगावर मरेल.

"लोफिना," सिस्टर म्हणाली, "पोर गार पडतंय."

"द्या," लोफिना म्हणाली.

सिस्टरनं तिचा झगा वर केला आणि पोर तिच्या छातीवर पालथं ठेवलं. सोललेल्या रताळ्यासारखं बुळबुळीत आणि गार लागलं. त्याचे पाय तिच्या पोटावर आले, बरोबर जिथं दुसरं होतं तिथं. सिस्टरनं चिटेंजे गुंडाळून मागं गाठ मारली.

"दिसायला झोपलेलं दिसतं, पण लक्ष ठेवायचं. असली पोरं श्वास घ्यायचं विसरतात. विसरला तर तळपाय चोळायचा."

"इसरतात?"

"हो. आठवण करून द्यायची."

लोफिना भिंतीला टेकून ओळीत बसली. तिच्या शेजारची बाई आपल्या टोपीशी काहीतरी गुणगुणत होती. लोफिनाला गुणगुणण्यासारखं काही वाटत नव्हतं. ती पोराचा काप बसायची वाट बघत होती.

एका दुपारी पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की शेजारणीचं बोलणंही ऐकू येईना. लोफिनाला डुलकी लागली. जाग आली तेव्हा छातीवर काही हलत नव्हतं. तिनं चिटेंजे ओढलं. पोराचे ओठ निळसर झाले होते. तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की बसला, काप बसला. आणि खोटं कशाला सांगू, त्यात तिला थोडं सुटल्यासारखंही वाटलं, कारण आता वाट बघायची नव्हती. पण हात खाली गेले. ती तळपाय चोळायला लागली. मग जोरात चोळायला लागली. "आरं घे की," ती म्हणाली, "घे, घे की रं मुडद्या." शेजारची बाई सिस्टरला हाका मारत पळाली. सिस्टर बूट वाजवत येईपर्यंत पोरानं तोंड वाकडं केलं, एक आवंढा गिळला आणि श्वास घेतला.

सिस्टर गुडघ्यावर बसून बघत राहिली. "बरोबर केलंस," ती म्हणाली.

लोफिनानं पोर परत गच्च गुंडाळलं. एक हात चिटेंजेखाली, त्याच्या तळपायावरच ठेवला.

एलुबेचा ताप उतरल्यावर त्यांना घरी सोडलं. पण एलुबेच्या टाक्यांत पू झाला होता, जखम अजून बुजली नव्हती, पोटाला फडकं चालत नव्हतं. सिस्टरनं बजावून सांगितलं की पोर अजून पुढंच बांधलेलं राहील, आणि दर आठवड्याला वजनाला आणायचं.

गावात हसायला निमित्तच पाहिजे असतं. ओढ्यावर पाण्याला गेलं की शेजारची डोरिका सुरू व्हायची.

"काय गं लोफिना, पाठ भाड्यानं दिलीस का कुनाला?"

"सिस्टरनं सांगितलंय."

"उद्या सिस्टर म्हनंल बादली पन पुढं बांधा."

बायका हसायच्या. लोफिना बादली डोक्यावर घ्यायची, एक हात पोराच्या ढुंगणाखाली ठेवायची आणि चालायला लागायची. पोर पुढं बांधलं की पायाखालची वाट दिसत नाही, दगड चाचपत चालावं लागतं.

खरी ओढाताण कामाची होती. पोर पुढं बांधून वाकता येत नाही आणि वाकता आलं नाही की भांगलता येत नाही. मुसळ उचललं की पोर हिसकायचं. म्हणजे घरातले चार हात गेले, दोन एलुबेचे आणि दोन लोफिनाचे. राहिले साइझी आणि म्हातारी. दोघं एकाच रानात दोन टोकांना भांगलायची, जावई पूर्वेच्या बांधाला, सासू पश्चिमेच्या, आणि ओळी मधे येऊन भिडायच्या वेळी साइझी उठून तंबाखू ओढायला जायचा. संध्याकाळी अर्धी टोपली मका यायचा. न्सिमा पातळ होत चालली.

"आमच्या घरात दोन रान्या हाईत," साइझी एक दिवस कुदळ भिंतीला लावत एलुबेला म्हणाला, पण लोफिनाला ऐकू जाईल असं. "एक पडून आन् एक बसून."

"माझं पोट फाडलंय," एलुबे म्हणाली.

"तुला कोन बोललं? मी पोट न फाडलेल्याबद्दल बोलतोय."

लोफिनानं घास खाली ठेवला. साइझी वाईट माणूस नव्हता. दिवसभर उपाशी वाकलेल्या माणसाच्या तोंडून काय फुलं पडणार आहेत? घरात घुसल्यावर तोच आधी पोराची टोपी बोटानं वर करून बघायचा, जिवंत आहे का ते.

पोर जिवंत होतं. त्याला खोकला झाला नाही, ते सुकलंही नाही. आधी वाटीनं प्यायचं, मग एलुबेला ओढायला लागलं. गालात पाणी भरल्यासारखं मांस आलं. म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "बगा, थंड अंगाचा गुन. हिनं त्याला धरलं म्हनून राहिलं. दुसरी कोन असती तर ओढ्याला गेलं असतं."

लोफिना ऐकून घ्यायची. पोराबरोबर तिचं स्वतःचं पोटही भरत होतं. पोराचे पाय ज्या ठिकाणी टेकायचे ते ठिकाण आता टणक झालं होतं. पण वर पोर, त्यावर चिटेंजेचे दोन वेढे, कुणाला काय दिसणार? लोक पोराकडेच बघायचे.

एका वजनाच्या दिवशी सिस्टरनं पोर तागडीच्या झोळीत टाकलं, वजन बघितलं, आणि परत बांधायला लोफिनाचा झगा वर केला. तिचा हात थांबला. तिनं दार लोटून घेतलं.

"पाळी कधी आली होती?"

लोफिना भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. चित्रात एक बाई साबणानं हात धूत होती.

"तुला विचारतेय मी."

"मला ठावं न्हाई."

"ठाऊक आहे तुला. घरी माहीत आहे?"

"कुनालाच न्हाई."

"माणूस?"

"जोहान्सबर्गला."

सिस्टरनं सुस्कारा सोडला. ती रागावली नाही. रागावली असती तर लोफिनाला सोपं गेलं असतं.

"सिस्टर," लोफिना म्हणाली, "ह्याला काप बसंल का?"

सिस्टर काम्वेंडो आमच्यातलीच. तिच्या आजीनंही तिला हेच शिकवलं असणार. तिनं आधी पोराकडे नीट निरखून बघितलं, हातपाय, छाती, डोळे, आणि मगच तोंड उघडलं.

"किती दिवस झाले बांधून?"

"झालं की लई."

"मग बसायचा असता तर बसला असता." तिनं कपाटातून गोळ्यांची पुडी काढली. "ह्या रक्ताच्या. रोज एक. जेवल्यावर."

"जेवले तर," लोफिना म्हणाली.

सिस्टरनं दुसऱ्या कपाटातून शेंगदाण्याच्या लगद्याची दोन पाकिटं काढून तिच्या गाठोड्यात कोंबली आणि दार उघडून पुढच्या बाईला हाक मारली.

पावसाळा सरत आला. मक्याची कणसं भरली आणि गावात पहिल्यांदा भाजलेल्या कणसांचा वास सुटला. हिरवं कणीस हातात आलं की आमच्या माणसांना एकमेकांवर ओरडायला जोर येतो. एलुबेही उठून बसायला लागली, घरात काम करायला लागली, आणि एका सकाळी तिनं हात पुढं केले.

"दे. आता मी बांधते."

"तुझी जखम."

"जखम बुजली. दे."

"सिस्टरनं न्हाई सांगितलं अजून."

"सिस्टरनं 'आई बरी होईस्तवर' म्हनलं हुतं. मी बरी झाले." एलुबेचा आवाज चिरकायला लागला. "ताई, दूध पाजायला देतीस आन् लगेच वडून घेतीस. ते माझ्याकडं बगतच न्हाई. तुझ्या आवाजाकडं मान फिरवतंय."

"तसं काय न्हाई."

"तुझं गेलं म्हनून माझं घेनार व्हय?"

अंगणात म्हातारी शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले. लोफिनाला आतून काहीतरी व्हायला हवं होतं, निदान थोबाडीत तरी मारावीशी वाटायला हवी होती. काही झालं नाही. तिनं चिटेंजेची गाठ घट्ट केली आणि पोटावरून हात काढला नाही. पोर सोडलं तर खाली काय आहे ते दिसणार होतं. बहिणीला चोर वाटलं तरी चालेल, पण ते दिसायला नको.

"वजनाच्या दिवशी सिस्टरला इचारते," ती म्हणाली. "ती म्हनली तर देते."

एलुबे दारात बसून रडली. म्हातारी म्हणाली, "मी जाते संगं. माझ्या कानानं ऐकते."

वजनाच्या दिवशी व्हरांड्यात बायकांची रांग लागली होती. डोरिकाही तिच्या गुटगुटीत पोरीला टोचायला घेऊन आली होती. म्हातारी लोफिनामागून आत शिरली. सिस्टरनं पोराला झोळीत टाकलं. ते लाथा मारत मोठ्यानं रडलं, सगळ्या हॉस्पिटलला ऐकू जाईल असं. सिस्टर पहिल्यांदाच तोंड भरून हसली.

"झालं, आजी. आता हा माणूस झाला. पुढं बांधायची गरज नाही. पाठीवर घ्या, मांडीवर घ्या, आईकडे द्या."

"देवाची किरपा," म्हातारी म्हणाली. "आन् माझ्या लेकीचं थंड अंग."

मग ती लोफिनाकडे वळली. सिस्टरच्या लक्षात आलं, ती मधे यायला गेली, पण उशीर झाला होता. पोर झोळीत, चिटेंजे लोफिनाच्या खांद्यावर, आणि झग्याखालचं पोट उघडं उभं. वर आलेलं, ताणलेलं. त्याला दुसरं काही नाव देता येत नव्हतं.

म्हातारी बघत राहिली. बाहेर डोरिकाची पोर रडायला लागली होती.

"कितवा?"

"पाचवा."

म्हातारीनं बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. जानेवारीपर्यंत आली आणि थांबली. मग ती झोळीपाशी गेली. तिनं पोराला बाहेर काढलं. उलटं केलं, सुलटं केलं. बाजारात मडकं घेताना चीर आहे का बघतात तसं त्याला सगळीकडून बघितलं. मांड्या दाबल्या, छातीला कान लावला. पोरानं तिच्या कानात बोट घातलं.

"हा सगळा टाइम?" ती म्हणाली. "बांधला त्या दिसापासून?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

म्हातारीनं पोराचं बोट कानातून काढलं. मग तिनं पोर लोफिनाच्या छातीवर ठेवलं, खांद्यावरचं चिटेंजे ओढलं आणि आपल्याच हातांनी गुंडाळायला लागली, एक वेढा, दुसरा वेढा, पोटावरून नीट खाली ओढून.

"आजी, आता गरज नाही," सिस्टर हळूच म्हणाली.

"बाहेर वारं हाय."

बाहेर पान हलत नव्हतं. व्हरांड्यात डोरिकानं त्यांना बघितलं आणि लगेच म्हणाली, "अजून पुढंच? आवं पोर रेड्याएवढं झालं की!"

"सिस्टरनं सांगितलंय," म्हातारी न थांबता म्हणाली. "तुला काय करायचंय? तू तुझ्या पोरीचं नाक पूस."

दोघी टेकडी उतरल्या. म्हातारी पुढं, लोफिना मागं, दगड चाचपत. दोन्ही बाजूंना मका वाळायला लागला होता. घरी गेल्यावर पोर एलुबेच्या हातात द्यावं लागेल, मग साइझी बघेल, मग गाव बघेल. लोफिनाला ते सगळं दिसत होतं आणि त्यातलं काहीच तिला बोचत नव्हतं. एकच गोष्ट तिच्या डोक्यात चालली होती. सिस्टरनं दार लोटलं त्या दिवसापासून चालली होती. ओढा आला तेव्हा ती बोलली.

"आई."

"हूं."

"ह्याला काप बसला न्हाई."

म्हातारी चालत राहिली.

"मी ह्याला एक दिस बी सोडलं न्हाई. माझं अंग असं. आन् हा राहिला." लोफिना थांबली. "मग माझं कशानं गेलं?"

म्हातारीनं मागं वळून बघितलं नाही. ती वाटेवरून खाली उतरली, जिथं केळी आहेत आणि माती बारा महिने ओली असते. तिथं एकही खूण नाही, असल्या जागी खूण करत नाहीत. पण म्हातारीला बरोबर माहीत होतं, कारण खड्डा तिनंच खणला होता. तिनं डोक्यावरचं गाठोडं काढून ठेवलं. हातांनी जमिनीवरची सुकलेली केळीची पानं बाजूला केली. मग ती खाली बसली, पाय पसरून, आणि रडायला लागली. मोठ्यानं, मयताला रडतात तशी, छाती बडवून. त्याच्यासाठी रडायचं नसतं, हे तिनंच लेकीला सांगितलं होतं.

वाटेनं कोणी आलं असतं तर कोण मेलं म्हणून विचारलं असतं. कोणी आलं नाही.

लोफिना उभी होती. तिला वाटलं, आता आपल्यालाही येईल. ती वाट बघत राहिली, पण नाही आलं. पोर छातीवर तोंड घासायला लागलं होतं, त्याला भूक लागली होती. आणि त्याच्या पायाखाली, आतून, दुसऱ्यानं हळूच एक ढुशी दिली. तिनं दोघांवर मिळून हात ठेवला.

"आई, ऊठ," ती म्हणाली. "एलुबेच्या छातीत दूध दाटलं असंल."